सँडबॉक्स अकाउंट दर आठवड्याला साफ करायचंय: एडब्ल्यूएस-न्यूकची कॉन्फिग फाइल कशी लिहावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीमचं एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) एक सँडबॉक्स अकाउंट आहे. बरेच डेव्हलपर त्यात प्रयोग करतात आणि तसेच सोडून देतात. दर शुक्रवारी रात्री एडब्ल्यूएस-न्यूक (अकाउंटमधलं सगळं डिलीट करणारं टूल) चालवून ते रिकामं करायचंय. तीन गोष्टी मात्र राहिल्या पाहिजेत: टेराफॉर्मची स्टेट बकेट (टेराफॉर्म हे कोडमधून क्लाउड उभारायचं टूल, त्याने काय उभारलं याची नोंद या बकेटमध्ये असते), पाइपलाइनचा आयएएम रोल (तिला परवानग्या देणारी ओळख) आणि डीएनएसचा एक झोन (एका डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदी). बकेटचं नाव फिल्टरमध्ये (काय वाचवायचं ते सांगणारी अट) बरोबर लिहूनही ड्राय रन (काहीही डिलीट न करता काय जाईल ते दाखवणारी चाचणी) तिच्यापुढे ‘वुड रिमूव्ह’, म्हणजे ‘काढली जाईल’, दाखवतोय. मग सगळ्यावर ‘कीप’ असा टॅग लावून एकाच फिल्टरमध्ये काम भागेल का? आणि अझूरच्या (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) सबस्क्रिप्शनचं काय करायचं?

पुढे कॉन्फिगमधले शब्द आणि फ्लॅग मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ते टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत तसेच रोमन अक्षरांत जातील.

बकेटचं आधी. या टूलमध्ये एस३ (एडब्ल्यूएसची फाइल साठवायची सेवा) बकेटची ओळख म्हणजे नुसतं नाव नाही. ‘एस३’, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि मग नाव, अशी ती पूर्ण स्ट्रिंग असते. फिल्टरला टाइप दिला नाही की तो तंतोतंत जुळणी करतो, त्यामुळे नुसतं नाव कधीच जुळणार नाही. एक तर पूर्ण स्ट्रिंग लिहा, नाही तर फिल्टरमध्ये प्रॉपर्टी म्हणून ‘नेम’ देऊन व्हॅल्यूत बकेटचं नाव टाका. मी दुसरी पद्धत वापरतो, वाचणाऱ्याला ती लगेच कळते.

पण एवढ्यावर थांबू नका. बकेट वाचली म्हणजे आतली स्टेट फाइल वाचली असं नाही. एडब्ल्यूएस-न्यूकच्या लेखी ‘एस३बकेट’ आणि ‘एस३ऑब्जेक्ट’ हे दोन वेगळे रिसोर्स टाइप आहेत. बकेटवरचा फिल्टर ऑब्जेक्टला लागत नाही. म्हणजे शनिवारी सकाळी बकेट जागच्या जागी असेल आणि आत काहीही नसेल. म्हणून ‘रिसोर्स-टाइप्स’खाली ‘एक्सक्लूड्स’मध्ये एस३ऑब्जेक्ट टाकाच. त्याने साफसफाईत काही कमी पडत नाही, कारण जी बकेट डिलीट व्हायची आहे ती टूल स्वतः रिकामी करून मगच डिलीट करतं. शिवाय लाखो ऑब्जेक्टची यादी करण्यात जाणारा वेळ वाचतो. ‘डायनॅमोडीबीटेबलआयटम’चं (डायनॅमोडीबी या डेटाबेसमधल्या नोंदी) अगदी हेच आहे, तोही एक्सक्लूड करा. टेराफॉर्मचं लॉकिंग (एका वेळी एकानेच स्टेट बदलावी म्हणून) अजून डायनॅमोडीबीच्या टेबलवर असेल तर ते टेबलही फिल्टरमध्ये घ्या. टेराफॉर्म १.१० पासून एस३वरच लॉक करायची सोय आली आहे, तिकडे गेला असाल तर टेबलचा प्रश्नच उरत नाही.

या एका उदाहरणात या टूलचा सगळा स्वभाव आहे. तुम्ही लिहिता ती यादी काय राहणार याची असते. ज्याचा उल्लेख नाही ते जाणार. आणि आपण ज्याला ‘एक वस्तू’ म्हणतो ती टूलला चार-पाच सुट्या रिसोर्सच्या रूपात दिसते. त्यातल्या प्रत्येकासाठी वेगळं सांगावं लागतं. कॉन्फिगवरचे बहुतेक सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

पाइपलाइनचा रोल घ्या. ‘आयएएमरोल’ खाली त्याचं नाव लिहिलं की रोल राहील. पण त्या रोलला जोडलेली पॉलिसी हा ‘आयएएमरोलपॉलिसीअटॅचमेंट’ नावाचा वेगळा टाइप आहे, आणि रोलच्या पोटात लिहिलेली इनलाइन पॉलिसी ‘आयएएमरोलपॉलिसी’ म्हणून तिसरा. पॉलिसी तुम्ही स्वतः तयार केलेली असेल तर ‘आयएएमपॉलिसी’ हा चौथा. फक्त पहिल्यावर फिल्टर लावला तर रोल शिल्लक राहतो, पण त्याच्या हातात एकही परवानगी उरत नाही. सोमवारी पाइपलाइन ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणते, कन्सोलमध्ये रोल तर दिसतोय, आणि लोक ट्रस्ट पॉलिसीत (रोल कोण घेऊ शकतो ते सांगणारी) चूक शोधत बसतात. गिटहबवरून ओआयडीसीने (कायमची की न साठवता ओळख पटवायची पद्धत) लॉगिन होत असेल तर ‘आयएएमओपनआयडीकनेक्टप्रोव्हायडर’ हाही याच गटातला. पॉलिसीच्या जोडण्यांसाठी ‘रोलनेम’ ही प्रॉपर्टी वापरा, म्हणजे उद्या रोलला नवी पॉलिसी जोडली तरी फिल्टर बदलावा लागत नाही:

फिल्टर्स:
  आयएएमरोल:
    - "सीआय-डिप्लॉय"
  आयएएमरोलपॉलिसीअटॅचमेंट:
    - प्रॉपर्टी: रोलनेम
      व्हॅल्यू: "सीआय-डिप्लॉय"

आयएएम यूजर असेल तर हीच साखळी यूजर, यूजरच्या पॉलिसी-जोडण्या आणि अ‍ॅक्सेस की अशी जाते. अ‍ॅक्सेस कीची ओळख ‘यूजरचं नाव, बाण, कीचा आयडी’ अशा स्वरूपात येते. कीचा आयडी रोटेशननंतर बदलतो, म्हणून तिथे तंतोतंत न लिहिता ‘ग्लॉब’ टाइप (ताऱ्याच्या जागी काहीही चालतं) घ्या आणि बाणाच्या पुढे तारा टाका.

डीएनएस झोनचंही तसंच. ‘रूट५३होस्टेडझोन’ वाचवला आणि ‘रूट५३रिसोर्सरेकॉर्डसेट’ विसरला तर झोन राहतो, रेकॉर्ड जातात. उलट झोनच गेला तर नुकसान जास्त. त्याच नावाने नवा झोन केला तरी त्याला वेगळे नेमसर्व्हर मिळतात, म्हणजे डोमेन जिथे रजिस्टर केलंय तिथे जाऊन डेलिगेशन बदलावं लागतं. माझं सरळ मत असं की हा झोन सँडबॉक्समध्ये असूच नये. तो दुसऱ्या अकाउंटमध्ये हलवा आणि सँडबॉक्सला लागेल तेवढा सबडोमेन द्या. महिन्याला अर्ध्या डॉलरचा झोन आहे, त्याच्यासाठी दर शुक्रवारी जोखीम कशाला? स्टेट बकेटलाही हाच न्याय लागतो. फिल्टर लिहिता येतो म्हणून लिहावाच असं नाही. वाचवायची वस्तू अकाउंटबाहेर गेली की फाइल लहान होते, आणि लहान फाइल लोक खरोखर वाचतात.

प्रॉपर्टीची नावं कुठून आणायची, हे बरेच जण डॉक्युमेंटेशनमध्ये शोधतात. त्याहून सोपी जागा म्हणजे ड्राय रनचं आउटपुट. प्रत्येक ओळीत रीजन (कुठल्या भागातलं डेटासेंटर), रिसोर्स टाइप, ओळख आणि मग चौकटी कंसात प्रॉपर्टी आणि टॅग छापलेले असतात. तिथून कॉपी करा. टॅग असेल तर प्रॉपर्टीचं नाव ‘टॅग’, कोलन आणि टॅगची की, असं बनतं. एडब्ल्यूएसमध्ये टॅगच्या कीमध्ये लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं, त्यामुळे कोणी पहिलं अक्षर मोठं लिहिलं असेल तर तो टॅग तुमच्या फिल्टरला दिसणार नाही.

आता ‘कीप’ टॅगचा प्रश्न. आवृत्ती ३ मध्ये (हीच आता पुढे चालू आहे, शेवटी सांगतो) सगळ्या टाइपना एकदम लागणारा ग्लोबल फिल्टर आहे. फिल्टर्सच्या खाली टाइपच्या जागी ‘ग्लोबल’ लिहायचं, मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोअर देऊन. त्यात ‘कीप’ टॅगची अट टाका, हरकत नाही, मीही टाकतो. पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. आयएएमच्या जोडण्या, रेकॉर्ड सेट यांसारख्या कितीतरी गोष्टींना टॅग लागतच नाही. वर सांगितलेली साखळी टॅगने वाचत नाही, मूळ वस्तू वाचते आणि तिचे हातपाय जातात. म्हणून कायमच्या गोष्टींसाठी नावानिशी फिल्टर, आणि डेव्हलपरला ‘माझं हे या आठवड्यात ठेवा’ म्हणायला टॅग, अशी विभागणी ठेवा. टॅगच्या व्हॅल्यूत नुसतं ‘ट्रू’ न लिहिता माणसाचं नाव लिहायला लावा. कोणाचं आहे हे कळलं की विचारता येतं.

फिल्टर एकत्र कसे लागतात तेही नीट समजून घ्या. एका टाइपखाली चार फिल्टर असतील तर त्यातला एक जरी जुळला तरी रिसोर्स वाचतो. साध्या फिल्टरसाठी हे सोयीचंच आहे. ‘इन्व्हर्ट’ वापरलं की मात्र गणित उलटतं. इन्व्हर्ट ट्रू म्हणजे जे जुळत नाही ते वाचवा. ‘फक्त टेस्ट-ने सुरू होणाऱ्या बकेट डिलीट कर’ असं सांगायला हे छान आहे. पण त्याच टाइपखाली दुसरा इन्व्हर्ट लिहिला, समजा ‘फक्त डेमो-ने सुरू होणाऱ्या’, तर टेस्टवाली बकेट दुसऱ्या फिल्टरमुळे वाचते, डेमोवाली पहिल्यामुळे, आणि एकही जात नाही. टूल काही तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. अशा वेळी एकच रेजेक्स (अक्षरांचा नमुना) लिहा आणि त्यात दोन्ही पर्याय द्या.

वयावरचा फिल्टरही असाच चकवतो. त्याचं नाव ‘डेटओल्डरदॅन’ आहे, त्यामुळे जुनं ते डिलीट होईल असं वाटतं. हिशेब असा होतो: रिसोर्सच्या तारखेत तुम्ही दिलेला कालावधी मिळवला आणि उत्तर आजच्या पुढचं आलं तर फिल्टर जुळला, म्हणजे रिसोर्स राहिला. ‘१६८एच’ लिहिलं तर गेल्या ७ दिवसांतलं राहतं आणि त्याआधीचं जातं. म्हणजे परिणाम हवा तोच मिळतो, पण कोणी ‘जुनं आहे म्हणजे फिल्टरने वाचेल’ असं समजून लिहिलं तर उलटं होतं. कालावधी तासांत द्या. हा गो भाषेचा कालावधीचा प्रकार आहे, त्याला दिवस कळत नाहीत. आणि ज्या रिसोर्सला ती तारखेची प्रॉपर्टी नाही त्याला हा फिल्टर लागतच नाही.

आता फाइलचा वरचा भाग. तो छोटा आहे पण त्यात तुमची सुरक्षा आहे.

रीजन्स:
  - ग्लोबल
  - एपी-साउथ-१
  - यूएस-ईस्ट-१
ब्लॉकलिस्ट:
  - "प्रॉडक्शनचा १२ अंकी आयडी"
  - "मॅनेजमेंट अकाउंटचा १२ अंकी आयडी"

‘ग्लोबल’ हा खरा रीजन नाही, पण आयएएम, रूट५३, क्लाउडफ्रंट यांसारख्या रीजन नसलेल्या सेवा त्याच्याखाली येतात. तो लिहिला नाही तर त्यांना हात लागत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत तो मुद्दाम वगळायला हरकत नाही. मुंबई रीजनवरच काम करणाऱ्या टीमनेही यूएस-ईस्ट-१ ठेवावा, कारण क्लाउडफ्रंटला लागणारी सर्टिफिकेट तिथेच काढावी लागतात आणि तिथेच पडून राहतात. हैदराबादसारखे रीजन, म्हणजे २० मार्च २०१९ नंतर आलेले सगळे, अकाउंटमध्ये आधी चालू करावे लागतात. चालू नसलेला रीजन यादीत टाकला तर नुसत्या एरर येतात. आणि जो रीजन यादीत नाही तिथे कोणी मशीन उभं केलं तर ते महिनोन्‌महिने चालत राहील. त्यावर उपाय या फाइलमध्ये नाही, तो ऑर्गनायझेशनच्या (कंपनीच्या सगळ्या अकाउंटचा गट) सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीत (अख्ख्या अकाउंटवरचे निर्बंध) आहे: सँडबॉक्समध्ये ठरलेले रीजन सोडून बाकी सगळे बंद.

ब्लॉकलिस्ट रिकामी ठेवता येत नाही, टूल सुरूच होत नाही. लोक इथे काहीतरी ९ चे आकडे भरून पुढे जातात. तसं करू नका. तुमच्या ऑर्गनायझेशनमधली खरी प्रॉडक्शन अकाउंट आणि मॅनेजमेंट अकाउंट इथे लिहा, म्हणजे चुकीच्या प्रोफाइलवर कमांड गेली तर ती अडते. आयडी अवतरण चिन्हांत लिहा. काही आयडी शून्याने सुरू होतात आणि यॅमल त्यांना संख्या समजली तर पुढचं शून्य हरवू शकतं.

अकाउंटला एलियस (टोपणनाव) असणं बंधनकारक आहे, आणि त्या एलियसमध्ये ‘प्रॉड’ ही चार रोमन अक्षरं कुठेही आली तर टूल नकार देतं. ‘प्रॉडक्ट-सँडबॉक्स’ असं नाव ठेवलं असेल तरी नकारच मिळेल. त्यावर एलियसची तपासणी बंद करायची सोय आवृत्ती ३ मध्ये आहे, पण माझा सल्ला एलियस बदलण्याचा आहे. दोन मिनिटांचं काम आहे आणि एक कुलूप शाबूत राहतं.

अकाउंट कंट्रोल टॉवरखाली (अनेक अकाउंट एका जागेवरून सांभाळायची सेवा) किंवा आयडेंटिटी सेंटरखाली (सगळ्या अकाउंटचं एकत्र लॉगिन) असेल तर आणखी काही गोष्टी वाचवाव्या लागतात. ‘ऑर्गनायझेशनअकाउंटअ‍ॅक्सेसरोल’ आणि ‘एडब्ल्यूएसकंट्रोलटॉवरएक्झिक्यूशन’ हे रोल गेले तर मॅनेजमेंट अकाउंटमधून आत यायचा रस्ता बंद होतो. आयडेंटिटी सेंटरने तयार केलेला सॅमल प्रोव्हायडर (लॉगिनची ओळख पटवणारा दुवा), ज्याच्या नावातच ‘डू नॉट डिलीट’ असतं, तोही नावाने फिल्टर करा. कंट्रोल टॉवरच्या बऱ्याच गोष्टी सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीमुळे तशाही डिलीट होणार नाहीत, पण त्या प्रत्येक वेळी ‘फेल्ड’ म्हणून यादीत येतील. ती यादी स्वच्छ असेल तरच त्यातलं खरं फेल्युअर दिसतं. हे सगळं ‘प्रीसेट्स’मध्ये एकदाच लिहून ठेवा आणि अकाउंटखाली प्रीसेटचं नाव द्या. उद्या दुसरं सँडबॉक्स आलं तर कॉपी-पेस्ट करावं लागणार नाही. डिफॉल्ट व्हीपीसीसाठीही (अकाउंटमध्ये आधीपासून असलेलं खासगी नेटवर्क) एक प्रीसेट हवा. नाही तर व्हीपीसी, सबनेट, इंटरनेट गेटवे, रूट टेबल सगळं जातं आणि सोमवारी ‘डिफॉल्ट व्हीपीसी नाही’ म्हणून लोकांची उदाहरणं चालत नाहीत. एका कमांडने ती परत तयार होते, पण आयडी बदलतात.

‘सेटिंग्ज’मध्ये डिलीशन प्रोटेक्शन काढून टाकायचे पर्याय आहेत: ईसी२ (मशीन), आरडीएस (डेटाबेस), क्लाउडफॉर्मेशन (एडब्ल्यूएसचं स्वतःचं उभारणीचं टूल) यांच्यासाठी वेगवेगळे. सँडबॉक्समध्ये मी आरडीएस आणि ईसी२ साठी ते चालू ठेवतो, कारण तिथलं प्रोटेक्शन बहुतेक वेळा टेराफॉर्म मॉड्यूलमधून आपोआप आलेलं असतं, कोणी विचार करून लावलेलं नसतं. हे टीमला आधी सांगितलेलं हवं. आरडीएसबाबत एक गोष्ट मोठ्याने सांगा: हे टूल डेटाबेस डिलीट करताना शेवटचा स्नॅपशॉट घेत नाही. आणि हाताने घेतलेले स्नॅपशॉट हा वेगळा रिसोर्स टाइप आहे, फिल्टर नसेल तर तेही जातात. त्याच अकाउंटमध्ये ठेवलेला स्नॅपशॉट हा इथे बॅकअप ठरत नाही. केएमएस कीला (डेटा कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शन की) थोडी सवलत आहे. ती लगेच जात नाही, किमान ७ दिवसांच्या प्रतीक्षेत जाते आणि तेवढ्यात रद्द करता येते. एस३वर ऑब्जेक्ट लॉक कंप्लायन्स मोडमध्ये असेल तर मुदत संपेपर्यंत रूट यूजरलाही ते डिलीट करता येत नाही, तिथे टूलकडून अपेक्षाच ठेवू नका.

पहिल्या काही शुक्रवारी सगळं अकाउंट साफ करू नका. ‘इन्क्लूड्स’ लावून फक्त पैसे खाणारे टाइप द्या: ईसी२ इन्स्टन्स, ईबीएस व्हॉल्यूम, नॅट गेटवे, इलास्टिक आयपी, लोड बॅलन्सर, आरडीएस, ईकेएस (कुबरनेटीज क्लस्टर). बिलाचा मोठा भाग इथेच असतो. व्हर्जिनिया रीजनमध्ये एक नॅट गेटवे तासाला ०.०४५ डॉलर घेतो, म्हणजे त्यातून एकही बाइट गेला नाही तरी महिन्याला सुमारे ३३ डॉलर. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. याच्या तुलनेत रिकाम्या आयएएम रोलला काहीच पडत नाही. म्हणजे फायदा आधी पदरात पडतो आणि जोखमीचे टाइप नंतर येतात. आउटपुट स्थिर वाटायला लागलं की इन्क्लूड्स काढा आणि एक्सक्लूड्सवर या.

ड्राय रन हाच डिफॉल्ट आहे. खरोखर डिलीट करायला ‘नो-ड्राय-रन’ असा फ्लॅग मुद्दाम द्यावा लागतो. पण हजार ओळींचं आउटपुट नुसतं स्क्रोल केलं तर ड्राय रनचा काही उपयोग नाही. ‘क्वाएट’ लावा म्हणजे फिल्टर झालेल्या ओळी लपतात. उरलेलं फाइलमध्ये घ्या, ‘वुड रिमूव्ह’ असलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि रिसोर्स टाइपनुसार मोजा. मग मागच्या आठवड्याच्या फाइलशी फरक काढा. नवा टाइप दिसला की थांबून बघायचं. मग उलट बाजूने, क्वाएटशिवाय, फक्त ‘फिल्टर्ड’ ओळी वाचा आणि तुम्ही वाचवलेली प्रत्येक गोष्ट तिच्या साखळीसकट तिथे आहे का ते पाहा. हे दुसरं वाचन बहुतेक जण करत नाहीत, आणि रोलच्या परवानग्या जाणार आहेत हे सहसा तिथेच लक्षात येतं. आवृत्ती ३ मध्ये ‘एक्सप्लेन-कॉन्फिग’ आणि ‘एक्सप्लेन-अकाउंट’ अशा दोन कमांड आहेत, फाइलचा अर्थ टूलला काय लागला आणि आपण नक्की कोणत्या अकाउंटवर उभे आहोत ते त्या सांगतात. रन करण्याआधी दुसरी कमांड पाइपलाइनमध्ये कायमची ठेवा.

खऱ्या रनमध्ये पहिल्या फेरीत बऱ्याच गोष्टी फेल झालेल्या दिसतील. घाबरू नका. एडब्ल्यूएस-न्यूक मुख्यतः प्रयत्न करत राहण्याच्या तत्त्वावर चालतं. सबनेटमध्ये काही लटकलेलं असेल तर सबनेट जात नाही, पुढच्या फेरीत ते लटकलेलं गेलं की सबनेटही जातं. फेऱ्या होऊनही जे फेलच राहतं तेवढ्याकडे लक्ष द्या.

हे चालवायचं कुठून? त्याच सँडबॉक्समधल्या कोडबिल्डमधून (एडब्ल्यूएसची स्क्रिप्ट चालवायची सेवा) नको. मग कोडबिल्डचा प्रोजेक्ट, त्याचा रोल, लॉग ग्रुप आणि वेळापत्रकाचा रूल हे सगळं फिल्टरमध्ये येतं, आणि एक राहिलं तर टूल स्वतः बसलेली फांदी तोडतं. दुसऱ्या अकाउंटमधून रोल घेऊन आत या. तो रोल मात्र, साखळीसकट, फिल्टरमध्ये हवा. एका रोलवरून दुसरा रोल घेतला तर सेशन जास्तीत जास्त १ तासाचं मिळतं. ईकेएस, आरडीएस, क्लाउडफ्रंट यांना डिलीट व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या मोठ्या सफाईला तास अपुरा पडू शकतो. तसं झालं तर पुन्हा चालवा, उरलेलं तिथूनच पुढे जाईल. वेळापत्रकावर चालवायला दोनदा एलियस टाइप करण्याची पायरी टाळावी लागते. त्यासाठी आवृत्ती ३ मध्ये ‘नो-प्रॉम्प्ट’ आहे, जुन्यात त्याला ‘फोर्स’ म्हणत. तो फ्लॅग फक्त पाइपलाइनच्या फाइलमध्ये असावा, कोणाच्या लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टमध्ये नको.

आवृत्तीबद्दल शेवटचं आणि महत्त्वाचं. मूळ प्रकल्प रीबाय या जर्मन कंपनीचा होता. तो २०२४ मध्ये थांबवला गेला आणि काम एरिक क्रिस्टनसन यांच्या फोर्कवर (त्याच कोडची वेगळी केलेली प्रत) पुढे चालू आहे. आवृत्ती ३ म्हणजे तोच. नेटवर सापडणारी बरीच उदाहरणं जुन्या प्रकल्पाची आहेत, त्यात काही कीची नावं वेगळी आहेत: ‘इन्क्लूड्स’ला ‘टार्गेट्स’, ‘सेटिंग्ज’ला ‘फीचर-फ्लॅग्ज’, असं. आणि पाइपलाइनमध्ये ‘लेटेस्ट’ कधीही लिहू नका, नेमकी आवृत्ती बांधा. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवे रिसोर्स टाइप येतात. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये एक अक्षर न बदलता, काल ज्याला टूल ओळखत नव्हतं ते आज डिलीट होऊ शकतं. आवृत्ती बदलणं हा कॉन्फिगमधला बदल समजा: ड्राय रन, मागच्या आउटपुटशी तुलना, दुसऱ्या माणसाची मंजुरी, मगच रन.

अकाउंट वाटून वापरात असेल, म्हणजे स्टेजिंगही त्यातच आणि प्रयोगही त्यातच, तर माझं उत्तर वेगळं आहे. तिथे हे टूल वापरू नका. तिथे क्लाउड कस्टोडियन (नियम लिहून क्लाउड सांभाळायचं टूल) जास्त योग्य, कारण त्यात काय जाणार ते आपण लिहितो. शिवाय रिसोर्सवर आधी खूण करून, चार दिवसांनी डिलीट, अशी मधली मुदत देता येते. ग्रंटवर्कचं क्लाउड-न्यूक वयाच्या अटीवर सोपं पडतं, पण तेही मुळात रिकामं करण्यासाठीच आहे.

अझूरसाठी त्याच लेखकाचं अझूर-न्यूक आहे, दोन्ही एकाच लायब्ररीवर उभे आहेत, त्यामुळे फिल्टरची पद्धत ओळखीची वाटेल. तरी मी तुम्हाला आधी ते घ्यायला सांगणार नाही. अझूरमध्ये प्रत्येक रिसोर्स कुठल्या ना कुठल्या रिसोर्स ग्रुपमध्ये असतोच, आणि ग्रुप डिलीट केला की आतलं सगळं जातं. प्रत्येक डेव्हलपरला स्वतःचा ग्रुप द्या, त्यावर मालकाचा आणि मुदतीचा टॅग सक्तीचा करा, आणि शुक्रवारी मुदत संपलेले ग्रुप डिलीट करणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट चालवा. जे राहायला हवं ते वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवून त्यावर ‘कॅननॉट-डिलीट’ लॉक लावा. ते लॉक काढायची परवानगी स्क्रिप्टच्या ओळखीला देऊ नका. स्क्रिप्टला कॉन्ट्रिब्यूटर रोल दिला की पुरे, त्यात लॉक काढता येत नाही.